मातीआडची बांडगुळे

माणसाला द्यावयाची दूषणे आणि माणसाची करावयाची स्तुती या दोन्हींसाठी आपली भाषा झाडांकडे वारंवार हात पसरते. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण 'बांडगूळ' म्हणतो; दुसऱ्यासाठी आयुष्य वेचणारा 'चंदनासारखा झिजला' म्हणतो. एक शिवी, तर दुसरी ओवी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मात्र हे दोन्ही शब्द एकाच पानावर येतात. आंब्याच्या फांदीवरचे बांडगूळ आणि देव्हाऱ्यातील सहाणेवरचे चंदन या वनस्पती एकाच गणातल्या, म्हणजे दूरच्या नात्याने भाऊबंदच. नात्यापुरते हे साम्य असते तरी नवल नव्हते. पण धंदाही तोच आहे. बांडगूळ फांदीतून रस घेते, चंदन शेजारच्या झाडांच्या मुळांतून घेते. फरक एवढाच, की पहिल्याची चोरी उन्हात चालते आणि दुसऱ्याची मातीखाली.

कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात काम करणाऱ्या जॉन स्कॉट यांनी १८७१ मध्ये चंदनाची मुळे इतर झाडांच्या मुळांना चिकटलेली असतात हे नोंदविले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रास इलाख्यातील चार्ल्स बार्बर यांनी त्या चिकटलेल्या जागांचे बारीक छेद घेऊन सगळा प्रकार सविस्तर लिहून काढला. (हेच बार्बर पुढे कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्राचे पहिले प्रमुख झाले.) आज चंदनाची रोपे करणाऱ्या कोणत्याही रोपवाटिकेत जा; पिशवीत चंदनाच्या शेजारी तुरीचे नाहीतर दुसरे एखादे रोप मुद्दाम लावलेले दिसेल. ते काढून टाकले तर चंदन पिवळे पडते, खुरटते. संतवाङ्मयात चंदनाच्या संगतीने शेजारची झाडेही सुगंधी होतात असा दृष्टान्त येतो. तो दृष्टान्त म्हणून सुंदरच आहे. परंतु संगतीचा खरा व्यवहार उलट्या दिशेने चालतो. शेजारी देतात आणि चंदन घेते.

कला शाखेच्या माणसाने वनस्पतिशास्त्रात लुडबूड का करावी, असे कोणी विचारील. त्याला आपल्याच पुण्यात उत्तर आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा जो आधारग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि ज्यावाचून आजही अभ्यासकाचे पान हलत नाही, त्याचे कर्ते थिओडोर कुक हे मूळचे अभियंते. रेल्वेचे पूल बांधता बांधता ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य झाले, आणि पानाफुलांत रमले. मावळच्या दृष्टीने आणखी जवळचे नाव म्हणजे फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ. जन्माने स्पॅनिश, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्राध्यापक, पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख आणि १९६७ चे पद्मश्री. त्यांनी खंडाळ्याचा परिसर पावलापावलाने तुडवला आणि १९५३ मध्ये केवळ खंडाळ्याच्या वनस्पतींवर एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. एका गावाच्या आसपासच्या रानाला अख्खा ग्रंथ मिळावा, असे भाग्य महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणांच्या वाट्याला आले आहे. आपण मात्र त्याच खंडाळ्याला चिक्की आणि भजी यांसाठी ओळखतो!

असो. मूळ विषयाकडे वळू.

दुसऱ्या जिवंत वनस्पतीच्या शरीरात शिरून अन्नपाणी घेणाऱ्या सपुष्प वनस्पतींना परजीवी म्हणतात. जगात अशा सुमारे साडेचार हजार जाती आहेत. म्हणजे शंभर सपुष्प वनस्पतींत एखादी. त्यांतल्या बहुसंख्य फांदीवर नव्हे, तर मुळांवर जगतात. आपण बांडगूळ आणि अमरवेल एवढ्यांनाच ओळखतो, कारण त्या नजरेच्या टप्प्यात आहेत. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. झाडावर वाढणाऱ्या आमरीला, म्हणजे ऑर्किडला, पुष्कळजण बांडगूळ समजतात आणि ओरबाडून काढतात. आमरी झाडावर केवळ बसलेली असते, त्याच्या रसाला तोंड लावीत नाही. ती भाडेकरू आहे, चोर नव्हे.

मुळांवरच्या परजीवींत दोन तऱ्हा आहेत. काहींना स्वतःची हिरवी पाने असतात. त्या उन्हात थोडेफार अन्न स्वतः तयार करतात आणि पाणी व क्षार तेवढे दुसऱ्याच्या मुळांतून घेतात. त्यांना अर्धपरजीवी म्हणतात. चंदन या वर्गातले. दुसऱ्यांनी हिरवा रंग साफ सोडून दिला आहे. पानांच्या जागी नुसते खवले उरले आहेत आणि शेवटच्या कणापर्यंत सारे अन्न परक्याचे. हे पूर्ण परजीवी. दोघांचे हत्यार मात्र एकच. मुळाच्या टोकाला किंवा बाजूला एक लहानशी गाठ येते, ती यजमानाच्या मुळाला चिकटते, तिच्यातून एक पाचर निघून सालीतून आत घुसते आणि थेट जलवाहिन्यांना जाऊन भिडते. पूर्ण परजीवी अन्नवाहिन्याही सोडीत नाहीत. या गाठीला शोषकांग म्हणतात. दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पतींचे नळ एकमेकांना जोडले जातात आणि गळती होत नाही. आपल्या घरच्या नळजोडणीचा अनुभव लक्षात घेता हे कौतुक सामान्य नाही.

आता आपल्या मावळात या. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरांच्या आसपास, आणि पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या वर. घाटमाथ्यावर काळ्या खडकावर वीतभर मातीचा थर, त्यात गवत, उतारावर कारवी, खाली इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यांत भाताची खाचरे. लोहगड-विसापूरच्या माथ्यांवर किंवा राजमाचीच्या वाटेवर जुलै-ऑगस्टात गेले, की ओल्या गवतात एक पांढरे फूल उभे दिसते. बोटभर लांब, बारीक, किंचित वाकडी नळी आणि टोकाला पाच पाकळ्यांचा पसरट पेला. तिला मराठीत 'तुतारी' म्हणतात आणि नाव देणाऱ्याच्या दृष्टीला दाद द्यावीशी वाटते. पांढरा रंग आणि लांब नळी ही पतंगांवर भिस्त ठेवणाऱ्या फुलांची नेहमीची खूण आहे. पावसाचा जोर ओसरू लागला, की गवतातच गुलाबी फुलांची 'दुधाळी' दिसू लागते; तिची पाने सुतासारखी बारीक चिरलेली. दोघीही दिसायला साध्यासरळ, हिरव्यागार, स्वतःच्या पायावर उभ्या. पण पायच तर उसने! दोघींची मुळे शेजारच्या मुळांत अडकलेली असतात. संशय यावा अशी एक खूण मात्र त्या सोडतात. दाबून वाळविल्या, की या कुळातल्या बऱ्याच अर्धपरजीवी काळ्याठिक्कर पडतात. वनस्पतिसंग्रहाच्या कागदावर शेजारच्या पानाचा रंग टिकतो आणि यांचा कोळसा होतो.

पूर्वी तुतारी, दुधाळी वगैरे अर्धपरजीवी स्क्रोफ्युलॅरिएसी या कुळात आणि बिनपानांच्या पूर्ण परजीवी ओरोबँकेसी या कुळात घालीत. कुक आणि सांतापाऊ यांच्या ग्रंथांत तशीच विभागणी आहे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासाने या दोन्ही मंडळींना एकाच घरात, ओरोबँकेसीत, आणून बसविले आहे. अर्धी चोरी आणि पूर्ण चोरी यांच्यामध्ये घराण्याची भिंत नाही, हा त्याचा अर्थ.

पूर्ण परजीवींत मला सर्वांत मोह घालते ती एजिनेशिया इंडिका. ऑगस्टनंतर, गवत गुडघ्याच्या वर गेले म्हणजे, ते हाताने बाजूला सारून बुडाशी पाहावे. जमिनीतून सरळ एक तांबूस-पिवळसर दांडी आलेली असते. वीतभर, क्वचित त्याहून उंच. तिला ना पान, ना फांदी. टोकाला एकच फूल, फिक्या गुलाबी-जांभळ्या रंगाचे, मान खाली घातलेले. फुलाचा संदल एका बाजूने उभा चिरलेल्या टोपीसारखा असतो. सगळा आकार हुबेहूब चिलमीसारखा. जपानी लोकांनाही तसेच वाटले: तंबाखू घेऊन आलेल्या युरोपीय दर्यावर्द्यांच्या चिलमीवरून त्यांनी या फुलाचे नाव ठेवले आहे. पण त्याच्याही आधी, आठव्या शतकातील 'मान्योशू' या त्यांच्या काव्यसंग्रहात गवताच्या पायाशी वाढणाऱ्या 'विचारात पडलेल्या' फुलाचा उल्लेख आहे, आणि ते बहुधा हेच, असे अभ्यासक मानतात. गवताच्या आधाराने मान खाली घालून उभे राहिलेले फूल पाहून जपानी कवीला प्रेमिकेची आठवण झाली. त्या गवताच्या मुळांशी काय चालले आहे हे त्याला कळले असते, तर त्याने कविता बदलली असती की अधिक चांगली केली असती, हा प्रश्न साहित्याच्या प्राध्यापकांवर सोपवितो.

याच फुलाची आणखी एक कहाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याची आहे. सतराव्या शतकात केरळात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तेथील वैद्यांच्या मदतीने तयार करविला. त्यात ही वनस्पती मल्याळी नावाने आली. तिथून लिनीअसने ती उचलली आणि १७५३ मध्ये तिला सातव्या शतकातील ग्रीक वैद्य, एजिनाचा पॉल, याचे नाव दिले. लोणावळ्याच्या गवतातल्या फुलावर अशा रीतीने ग्रीस, हॉलंड, स्वीडन आणि मलबार यांचे शिक्के आहेत. फिलिपीन्समध्ये मात्र ती उसाच्या मुळांवर बसते आणि शेतकरी तिच्या नावाने बोटे मोडतात.

एजिनेशियाला निदान दांडी तरी आहे. तिची नातलग ख्रिस्टिसोनिया कारवीच्या मुळांवर जगते आणि पालापाचोळ्यातून जेमतेम डोके वर काढते. एडिंबरोचे वैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांच्यावरून तिचे नाव पडले. खाली वाकल्याशिवाय ती सापडायची नाही. कारवी आपल्याला ओळखीची: मावळात घरांचे कूड तिच्या काठ्यांचे, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा डोंगराचे डोंगर जांभळे होतात. सर्वांची नजर त्या फुलोऱ्यावर असते. फुलोरा आटोपला, बी पडले, की कारवीची ती सगळी पिढी एकदम वाळून जाते. म्हणजे ख्रिस्टिसोनियाचे अन्नछत्र ठरावीक काळाने एका फटक्यात बंद पडते आणि नवी रोपे उगवून त्यांची मुळे बळावेपर्यंत तिला बीरूपाने कळ काढावी लागत असणार. यजमानाच्या मृत्यूची वेळ ज्याला आपल्या जगण्यात धरून चालावी लागते, अशा पाहुण्याला आयतोबा म्हणणे मला तरी जड जाते.

आणि पाहुणा घर शोधतो कसा? या वनस्पतींचे बी धुळीसारखे असते. एजिनेशियाचे एक बोंड फुटले की नुसती भुकटी उडते. इतक्या लहान बियात शिदोरी काय असणार? अंकुर फुटल्यापासून काही दिवसांत, काही मिलिमीटरांच्या आत मूळ सापडले नाही तर खेळ संपला. म्हणून बी घाई करीत नाही. ओल्या मातीत काही दिवस भिजून तयार होते आणि वाट पाहते. जवळून योग्य मुळाचा 'वास' आल्याखेरीज उगवतच नाही. हा वास कशाचा, याचा उलगडा टारफुल्याच्या बियांवरील प्रयोगांतून होऊ लागला. १९६६ मध्ये मुळांतून पाझरणारे ते द्रव्य वेगळे करण्यात आले. टारफुल्याच्या स्ट्रायगा या शास्त्रीय नावावरून त्याला स्ट्रायगॉल म्हणतात. त्याचा अत्यंत सूक्ष्म अंशही बियाला जागे करण्यास पुरतो.

तरीही एक कोडे राहिलेच. चोराला घराचा पत्ता कळविणारे द्रव्य झाडाने मुळांतून सोडावेच कशाला? याचे उत्तर मिळायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की ही हाक चोरासाठी नव्हतीच. जमिनीत काही बुरशी असतात. त्या मुळांशी सोयरीक करून झाडाला स्फुरद मिळवून देतात आणि मोबदल्यात साखर घेतात. त्यांना बोलाविण्यासाठी झाड हे द्रव्य सोडते. पुढे २००८ मध्ये हेच द्रव्य झाडाच्या अंगात फांद्या किती फुटाव्यात याचेही नियमन करते असे आढळले. म्हणजे हाक सोडून द्यावी तर झाडाचीच पंचाईत. मित्राला मारलेली हाक भिंतीआडच्या चोराने ऐकली, अशी ही गोष्ट आहे, आणि एखाद्या नाटकाला शोभेल इतकी ती घट्ट विणलेली आहे.

टारफुल्याचे नाव निघाले, तेव्हा शेतकऱ्याची बाजू टाळून चालणार नाही. ज्वारी पिकविणाऱ्या मुलखात हे नाव कौतुकाने घेत नाहीत. वीतभर उंचीचे, खरखरीत पानांचे, आपल्याकडे बहुधा पांढऱ्या फुलांचे हे रोप ज्वारीच्या बुडाशी उगवते. ते दिसते तेव्हा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते, कारण वर येण्यापूर्वी कित्येक आठवडे ते जमिनीखाली ज्वारीला पिळीत असते. पाऊस असून पीक पाण्यावाचून तडफडल्यासारखे दिसते. इंग्रजीत त्याला चेटकिणीचे तण म्हणतात ते यामुळेच. एका झाडाला हजारोंनी बी येते आणि ते जमिनीत दहा-दहा, क्वचित वीस वर्षे जिवंत राहते. दक्षिण महाराष्ट्रात तंबाखूच्या मुळांवर 'बंबाखू' बसतो, तो याच कुळातला, पण पूर्ण परजीवी. पश्चिम मावळातल्या खाचरांना मात्र टारफुल्याची धास्ती नाही, कारण उभ्या पाण्यात तो तग धरीत नाही. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीला तो सोडत नाही.

१९५६ मध्ये अमेरिकेत कॅरोलिनाच्या मक्याच्या शेतात हे तण आढळले. तेथील तज्ज्ञांना ते अनोळखी होते. भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने ते ओळखले, असे सांगतात. मग अमेरिकन सरकारने कायदा केला, शेतांना वेढा घातला, जमिनीत इथिलीन वायू सोडला. या वायूने बी फसते, मूळ जवळ नसताना उगवते आणि उपाशी मरते. आपल्या शेतकऱ्याकडे या युक्तीचे जुने रूप आहे: बेवड. कापूस किंवा भुईमूग यांची मुळे टारफुल्याचे बी जागे करतात, पण त्याला थारा देत नाहीत. अशा पिकाच्या बेवडावर ज्वारी घेतली तर जमिनीतला साठा कमी होतो. त्यामागचे रसायन प्रयोगशाळेत कळण्यापूर्वीच पालटून पीक घेण्याची रीत रूढ होती.

मग रानात ही मंडळी गवताचा फडशा का पाडीत नाहीत? माझ्या मते शेत आणि रान यांतला भेद येथेच आहे. शेतात एकच यजमान ओळीने उभा असतो. रानात वीतभर मातीत दहा जातींची मुळे गुंतलेली असतात, त्यांतली काही उपयोगाची, काही निरुपयोगी. शिवाय माजोरी गवताला थोडे दाबले, तर दुबळ्यांना जागा होते. इंग्लंडमध्ये तुतारीच्याच कुळातील एक अर्धपरजीवी वनस्पती कुरणांत मुद्दाम पेरतात; ती दांडग्या गवताचा जोर कमी करते आणि मग इतर रानफुले येतात. लोणावळ्याच्या माथ्यावर तुतारी हेच काम करते की काय, हे चार चौकोन आखून दोन-तीन पावसाळे मोजदाद केली तर पाहता येण्याजोगे आहे, आणि त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. दोरी, चार खुंट्या आणि वही पुरे.

मात्र त्यासाठी माथा जागेवर राहिला पाहिजे. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यापासून पुण्या-मुंबईची सुट्टी मावळात येऊन राहू लागली आहे. उतार कापून बंगले उभे राहतात. गवत काढून विकतची हिरवळ अंथरली जाते, कारवी 'झुडूप' म्हणून साफ होते. बंगल्याच्या आवारात दोन झाडे जास्तच लावली, असे मालक अभिमानाने सांगतो, आणि ते खोटेही नसते. पण ख्रिस्टिसोनिया रोपवाटिकेत मिळत नाही. उपटून कुंडीत लावली तर मान टाकते, कारण तिचे निम्मे शरीर कारवीत राहिलेले असते. तिला ठेवायचे तर कारवी ठेवावी लागते. आणि कारवीसाठी उतार, उतारासाठी माती. वनखात्याच्या गणनेत मोठी झाडे येतात, वाघ-बिबटे येतात. वर्षातून चारसहा आठवडे जमिनीबाहेर येणारी आणि उरलेला काळ दुसऱ्याच्या मुळांत घालविणारी वनस्पती कोणी मोजावी?

ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा काळ धरावा. तुतारी माथ्यावरच्या ओल्या गवतात, दुधाळी थोडी उशिरा, एजिनेशिया उंच गवताच्या बुडाशी, ख्रिस्टिसोनिया कारवीच्या सावलीत. भिंग न्यावे. मुळाशी काय आहे ते पाहण्याचा मोह होतो. पण ओढून काढले तर सांधा तुटतो आणि हाती नुसती दांडी येते. पाहायचेच असेल तर टारफुल्याचे एखादे रोप ज्वारीच्या धाटासकट मातीच्या ढेकळानिशी उचलावे, बादलीत रात्रभर भिजत ठेवावे आणि सकाळी हलक्या धारेने माती धुवावी. मोहरीएवढ्या गाठी दिसतील, एका बाजूला ज्वारीचे मूळ आणि दुसऱ्या बाजूला टारफुल्याचे. शेतकरी त्या रोपाबद्दल तक्रार करणार नाही.